सासऱ्यांचं अर्थिंग

शांतता ऐकण्यासाठी एवढा आरडाओरडा करणारा माणूस साऱ्या लातूर जिल्ह्यात एकच होता, आणि तो नेमका माझ्या वाट्याला सासरा म्हणून आला. दुकानात बसले की हेच गृहस्थ इतके हळू बोलायचे की गिऱ्हाईक दोनदा विचारायचं. खिळे, कोयंडे, बादल्या, साखळ्या असलं लोखंडी सामान विकणारा माणूस, पण हातातला खिळा गल्ल्यावर ठेवतानाही आवाज होऊ देणार नाही. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, अंगात पांढरा सदरा, गळ्यात लिंग, आणि येणाऱ्या प्रत्येकाला दोन्ही हात जोडून लिंगायती नमस्कार, 'शरणार्थी'. सगळं गाव त्यांना अप्पा म्हणायचं. पण हेच अप्पा दुपारी जेवायला घरी आले आणि त्यांनी आपल्या मशीनचं बटण दाबलं, की गल्लीच्या टोकापर्यंत हाक जायची, "बंद करा! सगळं बंद करा! पंखा बंद, लाइट बंद, बोलणं बंद!" मग घरातली माणसं आहेत तिथं, आहेत तशी थांबायची. माझी बायको सांगते की तिचं अर्धं बालपण हातातला घास हातातच धरून गेलं.

हे मशीन म्हणजे तबकड्या वाजवायचा जुना अॅम्प्लिफायर, काचेच्या व्हॉल्व्हचा. बटण दाबलं की ते व्हॉल्व्ह हळूहळू निखाऱ्यासारखे लाल व्हायचे, आणि गाणं सुरू व्हायच्या आधी, गाणं चालू असताना आणि गाणं संपल्यावरही त्यातून एक आवाज येत राहायचा. तो आवाज कुठून येतो हे शोधणं हा अप्पांचा गेल्या बावीस वर्षांचा उद्योग. दुकान हा जोडधंदा होता, असं म्हटलं तरी चालेल. या आवाजाच्या त्यांनी दोन जाती पाडल्या होत्या. एक घरघर, दुसरी भुणभुण. "घरघर जमिनीतून येती, भुणभुण हवेतून येती," असं ते सांगायचे, आणि हे सांगताना त्यांचा चेहरा एखाद्या वैद्यानं नाडी धरावी तसा गंभीर व्हायचा.

मी मूळचा नांदेडचा. लातूरचा जिल्हा नवीन झाला तेव्हा कचेरीत कारकुनांची भरती निघाली आणि मी पेटी उचलून इकडं आलो. पाटीचा रंग ओला, टेबलं अजून दोरीतून सुटलेली नाहीत, अशा दिवसांत आमच्या वडिलांनी लातूरची मुलगी काढली. मुलगी बघायला आम्ही चौघं गेलो. वैशाखाचं ऊन, समोर पोहे, आणि अप्पा उठले ते त्यांनी थेट पंखाच बंद केला. माझ्या काकांच्या कपाळावरून घाम नाकावर आला. मुलगी खाली मान घालून बसलेली. अप्पांनी मशीन चालू केलं, तबकडी लावलीच नाही, आणि माझ्याकडं बघून विचारलं, "काय ऐकू येऊन राहिलं?" मला वाटलं, ही काहीतरी घराण्याची परीक्षा आहे. मी आपला खरं ते बोललो, "खाली घरघर आहे. आणि वर बारीक भुणभुण आहे." अप्पा ताडकन उभे राहिले. "दोन्ही! पोराला दोन्ही ऐकू आल्या!" आत जाऊन त्यांनी सासूबाईंना सांगितलं की पोरगं पसंत आहे. पगार किती, शिक्षण किती, काही म्हणजे काही विचारलं नाही. बायको अजून म्हणते, "तुम्हाला नवरा म्हणून कुठं पसंत केलं? अवजार म्हणून केलं."

मशीन आलं कुठून, तर उदगीरच्या बाजूला एक तंबूतली टाकी, म्हणजे फिरता सिनेमा, फिरायची, ती मोडीत निघाली तेव्हा पडदा एकानं नेला, खुर्च्या एकानं नेल्या आणि हे अप्पांनी आणलं. बैलगाडीत कडब्यावर ठेवून आणलं आणि स्वतः बाजूला चालत आले, का तर व्हॉल्व्हला हिसका बसू नये. त्याचा भोंगा त्यांना पसंत नव्हता. आवाज गोल पाहिजे म्हणून त्यांनी स्वयंपाकघरातला पाण्याचा रांजण उचलला, त्याच्या तोंडावर स्पीकर बसवला आणि खरंच सांगतो, गाणं असं घुमायचं की ऐकणाऱ्याचं पोट हलायचं. दोन वर्षं सासूबाईंनी सहन केलं. मग दुष्काळ पडायला लागला, नळाला पाणी आठवड्यातून एकदा यायला लागलं, आणि एका सकाळी त्यांनी स्पीकर काढून चुलीशेजारी ठेवला, रांजण धुतला आणि भरला. "माझा रांजण हाय, त्यात पाणीच राहील," एवढंच म्हणाल्या. अप्पांची काय बिशाद! त्यांनी निमूटपणे दुकानातलं खिळ्यांचं खोकं आणलं आणि स्पीकर त्यात बसवला.

आणि त्यांचं ते शोधणं! काय सांगू! रोग मशीनच्या आत आहे की बाहेर, हे ठरवायला ते आवाजाची खुंटी पुरती मागं फिरवायचे. गाणं बंद, पण घरघर तशीच, म्हणजे रोग आत. मग ते मशीनचं पोट उघडायचे. कंडेन्सर बदलायचे, तारांना पीळ द्यायचे, ट्रान्सफॉर्मर उचलून चार बोटं लांब ठेवायचे, भिंतीतली पिन उलटी घालून बघायचे. भुणभुण असली तर मात्र शंका शेजाऱ्यांवर. समोरच्या शिंप्याच्या ट्यूबलाइटचा चोक, कोपऱ्यावरच्या डॉक्टरांचा सुया उकळायचा डबा, कुणाचा मिक्सर. अप्पा हात जोडून प्रत्येकाच्या दारात जायचे. "शरणार्थी. पाच मिनटं तुमची लाइट बंद ठेवता का? शक हाय." एकदा शिंप्यानं वैतागून विचारलं, "अप्पा, माझ्यावर शक कामून?" तर अप्पा म्हणाले, "तुमच्यावर न्हाई हो, तुमच्या चोकावर." बावीस वर्षांत गल्लीतले चार चोक आणि एक मिक्सर त्यांनी आपल्या पदरचं सामान घालून दुरुस्त करून दिला. भुणभुण गेली. पूर्ण गेली. घरघर मात्र राहिली.

ती घरघर अप्पांच्या इतकी जिव्हारी का लागली होती, याला एक माणूस कारण होता. धर्माबादचे मास्तर. हे अप्पांचे लहानपणापासूनचे दोस्त, शाळेत गाणं शिकवायचे, आणि मराठवाड्यात त्यांच्याइतका कान कुणाला नाही असं अप्पांचं मत. मशीन आणलं त्या वर्षी अप्पांनी मास्तरांना मोठ्या हौसेनं बोलावलं. तोडी रागाची एक जुनी तबकडी होती, कुणा बाईंनी गायलेली, ती लावली. मास्तरांनी डोळे मिटून ऐकली आणि शेवटी म्हणाले, "गाणं झकास हाय. पण मधी पिठाची गिरणी कामून चालू ठेवलीस?" सगळे हसले. मास्तरही हसले. अप्पासुद्धा हसले, पण त्या दिवसापासून त्यांनी मास्तरांना परत घरी बोलावलं नाही. भांडण नाही, अबोला नाही. लग्नाकार्यात भेटायचे, गळ्यात गळा घालायचे, पण "घरी ये, ऐकवतो" हे शब्द तोंडातून निघायचे नाहीत. घरघर गेल्यावर बोलवायचं, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

आणि मग त्या वर्षीच्या फाल्गुनात मास्तरांचं पोस्टकार्ड आलं. गुडघे गेले, एकट्यानं राहणं होत नाही, मुलानं बोलावलं आहे, कायमचं गुजरातेत चाललो. जाण्याच्या आधी पाडव्यानंतरच्या सोमवारी लातूरला उतरतो. खाली एक ओळ वेगळी लिहिली होती : 'ती तोडी एकदा ऐकव.' अप्पांनी ते कार्ड मला तीनदा वाचायला लावलं. नंतर स्वतः वाचलं. मग म्हणाले, "जावईबापू, हा आता परत येणार न्हाई." आणि माझा हात धरून म्हणाले, "ह्याला मी गिरणी ऐकवून लावून देऊ काय?" डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. पुढचा सगळा महिना, मी तुम्हाला सांगतो, लग्नघरात नसेल इतकी धावपळ त्या घरात चालू होती.

पंधरा दिवसांत मशीनमध्ये जेवढं म्हणून बदलता येईल तेवढं बदललं. मी कचेरी सुटली की थेट सासुरवाडीला. अप्पा आत डोकं घालून बसलेले, मी कान लावून. "आता?" "आहे." "आता?" "आहे, अप्पा." शेवटी एका रविवारी ते मशीन सोडून उठले आणि भिंतीत गेलेल्या अर्थिंगच्या तारेकडं टक लावून बघत राहिले. ती तार घराबाहेर, गल्लीच्या कडेला, जमिनीत पुरलेल्या लोखंडी पायपाला जोडलेली होती. पाइप वीतभर वर आलेला, गंजू नये म्हणून अप्पांनीच त्याला काळा रंग दिलेला. ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी सांगतो, मशीनमधली नको ती वीज या तारेतून जमिनीत निघून जावी म्हणून हा बंदोबस्त असतो. खाली खड्ड्यात कोळसा आणि मीठ भरतात, आणि तो खड्डा ओला ठेवावा लागतो. आणि आमच्याकडं तीन वर्षं पाऊस नाही! काळ्या रानात हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या. त्या खड्ड्यात कसला ओलावा राहणार? अप्पांनी पिण्याच्या माठातला एक तांब्या उचलला, बाहेर गेले आणि पायपाच्या बुडाशी ओतला. मी आत मशीनजवळ. घरघर माझ्या कानादेखत निम्मी झाली! मी ओरडलो, "अप्पा, उतरली!" अप्पा बाहेरूनच ओरडले, "तहान! जमिनीला तहान लागलीय!" सासरा जावई दारात एकमेकांना मिठी मारून उड्या मारतायत हे गल्लीनं पाहिलं.

सासूबाईंनीही पाहिलं. "माणसाला प्यायला न्हाई, अन् पायपाला पाजवून राहिले!" त्यांचं काही चुकत नव्हतं. टँकर चार दिवसांनी यायचा, माणशी घागर ठरलेली. अप्पा म्हणाले, "तुझ्या घागरीला हात लावणार न्हाई. माझ्या आंघोळीचं पाणी मी वततो." आणि त्या दिवसापासून खरंच, हा माणूस ओल्या फडक्यानं अंग पुसायचा, पूजेला बसायचा, आणि पूजा झाली की भस्म लावलेल्या कपाळानं, अनवाणी, नुसत्या धोतरावर गल्लीत येऊन आपल्या वाट्याचा तांब्या त्या पायपावर अगदी सावकाश ओतायचा. सावकाश अशासाठी, की वाहून न जाता मुरावं. पाणी मुरेपर्यंत डोळे मिटून उभा राहायचा. अशासाठी, की आतली घरघर उतरते का ते ऐकू यावं.

आता बोला! दुष्काळाचे दिवस, अप्पांसारखा शिवभक्त माणूस, स्वतः बिनआंघोळीचा राहून जमिनीतून वर आलेल्या काळ्या गोल खांबावर रोज पहाटे पाणी घालतो आणि डोळे मिटून उभा राहतो. बघणाऱ्यानं काय समजायचं? चौथ्या दिवशी पायपावर बेलाचं पान होतं. अप्पांना वाटलं वाऱ्यानं आलं. सहाव्या दिवशी हळदीकुंकू होतं. अप्पांना वाटलं कुणाच्या हातून सांडलं. या माणसाला कान होते, पण डोळे मशीनच्या पोटात अडकलेले. ते दुकानात गेले की गल्लीतल्या बाया एकेक तांब्या घेऊन यायच्या. आणि टँकरवाल्यानं तर कमालच केली. कुणीतरी त्याला सांगितलं असणार. तो आला की घागरी भरायच्या आधी नळीची पहिली धार पायपावर सोडायचा आणि गाडीला हात लावून पाया पडायचा.

मला यातलं काही ठाऊक नव्हतं. शुक्रवारी दुपारी कचेरीत निरोप आला, 'अप्पांनी ताबडतोब बोलावलंय.' अर्धी रजा टाकली, सायकल हाणत आलो. अप्पा दारातच उभे. त्यांनी मला हाताला धरून मशीनपुढं बसवलं. व्हॉल्व्ह लाल झालेले. "ऐका," म्हणाले. मी ऐकलं. पुन्हा ऐकलं. "अप्पा, काहीच ऐकू येत नाही." "तेच तर!" अप्पा इतक्या जोरात ओरडले की समोरचा शिंपी बाहेर आला. "काहीच न्हाई! बावीस वर्षांनी काहीच न्हाई! येऊ द्या मास्तरला सोमवारी!" त्यांनी मला पेढा दिला, शिंप्याला पेढा दिला, सासूबाईंना द्यायला गेले तर त्या म्हणाल्या, "ठेवा तिथं, माझे हात पिठाचे हायेत." पण हसल्या मात्र.

शनिवारी सकाळी अप्पांना दुकानात जायला उशीर झाला आणि सगळं उघडं पडलं. गल्लीच्या टोकाला एक आज्जी राहायची. ती कमरेवर कळशी घेऊन आली, त्यातला एक तांब्या तिनं पायपावर घातला, कपाळ टेकवलं. अप्पा दारात. "आज्जी, हे काय करून राहिलीस?" आज्जी म्हणाली, "घरात बाळंतीण हाय रे. पाणी पुरंना. म्हटलं देवाला घातलं तर तो वर बघंल." अप्पांना एका क्षणात सगळं कळलं. बेलपान, कुंकू, ती ओली जमीन, आणि आपल्या घरातली ती शांतता. ते कसेबसे म्हणाले, "आज्जी, हा देव न्हाई. हे अर्थिंग हाय." आज्जीनं कळशी सावरली. "हाव बाबा. देवाला नावं लई असतेत," असं म्हणून ती निघून गेली.

त्या दिवशी अप्पा जेवले नाहीत. संध्याकाळी मी गेलो तर मशीनपुढं बसलेले, मशीन बंद. "बाळंतिणीच्या तोंडचं पाणी मी पिऊन राहिलो, जावईबापू." मी म्हटलं, "अप्पा, तुम्ही कुठं मागितलं? आणि आता मध्ये एकच दिवस आहे. सोमवारी मास्तर ऐकून गेले की मंगळवारी सांगून टाका सगळ्यांना." खोटं कशाला बोलू, मला मास्तरांपेक्षा अप्पांची काळजी होती. बावीस वर्षं कमी नाहीत. अप्पा उठले आणि त्यांनी एका पत्र्यावर रंगानं लिहिलं, 'हा देव नाही. येथे पाणी घालू नये,' आणि बाहेर नेऊन पायपाला बांधलं.

रविवारी सकाळी त्या पत्र्याला झेंडूचा हार घातलेला होता. अप्पा हतबुद्ध झाले. मग ते स्वतः पायपाशी उभे राहून येणाऱ्या प्रत्येक बाईला समजावायला लागले. तार दाखवली. चार जणींना घरात आणून मशीन दाखवलं, बटण दाबून लाल व्हॉल्व्ह दाखवले. चौघींनी मशीनला नमस्कार केला! एकीनं तर तांब्यातलं पाणी मशीनवरच घातलं असतं, मी मध्ये पडलो म्हणून निभावलं. अप्पा घामाघूम, आवाज बसलेला. शेवटी सासूबाई पदर खोचून दारात आल्या आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "बायांनो, देव माझ्या सपनात आला. म्हणला, पाऊस पडेस्तोवर माझा उपास हाय, कुणी पाणी घालायचं न्हाई." झालं! पाच मिनिटांत गल्ली रिकामी. अप्पा बघतच राहिले. "खोटं बोललीस तू." "खोटं कसलं? तुमचं मशीन उपाशी राहणारच हाय की आता," असं म्हणून त्या आत गेल्या, आणि आत गेल्यागेल्या मात्र त्यांनी देव्हाऱ्यापुढं कपाळ टेकवलं.

चैत्राचं ऊन काही दयामाया करत नाही. सोमवारी दुपारपर्यंत खड्डा खडखडीत वाळला आणि घरघर परत आली, ती सुद्धा जुन्या जोमानं. मास्तर एसटीनं आले. पांढरं धोतर, हातात छत्री, पायरी चढायला माझा खांदा लागला. अप्पांनी त्यांना बसवलं, गूळपाणी दिलं आणि तबकडी हातात घेऊन आधीच सांगून टाकलं, "मास्तर, गेली होती. शपथ घेतो, शुक्रवारी गेली होती. आज परत आली." मास्तर म्हणाले, "असू दे रे. लाव." त्यांनी थट्टा केली असती तर बरं झालं असतं. ते 'असू दे' अप्पांना फार लागलं. चेहरा पार उतरला. बटण दाबलं, घरघर सुरू झाली, आणि अप्पांनी सुई उचलायच्या आधी एक हात मशीनच्या लोखंडी पेटीवर ठेवला. घरघर थोडी उतरली. माणूस अनवाणी उभा राहून पेटीला हात लावतो तेव्हा तोच अर्थिंग होतो, हे अप्पांना कायमच ठाऊक होतं. पण ती त्यांना लबाडी वाटायची. मशीन मशीनच्या बळावर गप्प राहिलं पाहिजे असा त्यांचा बाणा. त्या दिवशी त्यांनी बाणा गिळला आणि माझ्याकडं बघितलं. मी जाऊन त्यांचा दुसरा हात धरला. काही फरक नाही. "मोजे!" अप्पा पुटपुटले. मी मोजे काढले. आणखी कणभर उतरली. पण होतीच.

तेवढ्यात मोरीच्या दारात सासूबाई आल्या. मोरीत तांदूळ धूत होत्या, पाय घोट्यापर्यंत ओले. मशीन मोरीच्या दाराशेजारीच असायचं. त्या मला म्हणाल्या, "सरका जावईबापू, तुमचे पाय कोरडे." मोरीतल्या ओल्या दगडावर त्या उभ्या राहिल्या, हात पुढं केला आणि अप्पांचा हात धरला. चारचौघांत, पाहुण्यांदेखत, जावयादेखत! मला तर कुठं बघावं कळेना. आणि घरघर थांबली. कमी नाही झाली, थांबली. अप्पांनी पेटीवरचा हात न काढता मला मानेनं खूण केली. मी सुई ठेवली.

तीन साडेतीन मिनिटांची तबकडी. कुणी हललं नाही. संपल्यावर मास्तरांनी डोळे उघडले, आणि त्यांच्यासमोर हातात हात धरून उभी असलेली ती दोन म्हातारी माणसं त्यांना दिसली. काय चाललंय हे त्यांना कळलं की नाही, मला माहीत नाही. ते एवढंच म्हणाले, "बाई श्वास घेती रे. पहिल्या आलापाच्या आधी बाई श्वास घेती. चाळीस वर्षं ही तबकडी ऐकतोय, मला ठाऊकच नव्हतं." आणि लहान मुलासारखे रडायला लागले. अप्पाही रडायला लागले. पण हात सोडता येईना, कारण मास्तर म्हणाले, "परत लाव." चार वेळा लावली. चौथ्या वेळी सासूबाई म्हणाल्या, "अवो, आणखी किती? माझी डाळ करपली." डाळ खरंच करपली होती. मास्तरांनी ती दोनदा मागून खाल्ली. दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांना गाडीत बसवून दिलं. वर्षभर त्यांची कार्डं येत होती, नंतर बंद झाली.

त्या साली मात्र पाऊस चांगला झाला. मशीनच्या आतलं सगळं नवं झालेलंच होतं, त्यात जमिनीत पाणी इतकं मुरलं की मशीन चालू आहे की बंद, ते व्हॉल्व्ह बघून ठरवावं लागायचं. अप्पा खूश असतील म्हणून श्रावणातल्या एका रविवारी दुपारी मी मुद्दाम गेलो, तर गल्लीतच मला घरघर ऐकू आली. जुनी, ओळखीची. मी घाईघाईनं पायपाजवळ गेलो. तार तुटली नव्हती. नीट सोडवून, टोकाला फडकं गुंडाळून बाजूला ठेवली होती. मी मोजे काढतच आत शिरलो, पण तोवर घरघर थांबली होती आणि तोडी सुरू झाली होती. अप्पा मशीनशेजारी स्टुलावर बसलेले, एक हात पेटीवर. सासूबाई मोरीच्या उंबऱ्यावर, पाय ओल्या दगडावर, पुढ्यात सूप. उजव्या हातानं तांदूळ निवडत होत्या, डावा हात अप्पांच्या हातात होता.

"अप्पा, बाहेर तार सुटलीय. लावून देतो," मी म्हणालो. अप्पा एकदम गाण्यात फार रंगून गेले. माझ्याकडं बघेचनात.

"राहू द्या, जावईबापू," सुपातून मान वर न करता सासूबाई म्हणाल्या. "ती सुटल्यालीच बरी हाय."

तबकडी संपेपर्यंत मी बाहेर पायरीवर बसून राहिलो.